भावे प्रयोग

अशोकस्तंभाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून
दोन रुपये पानाने आणलेला अभ्यासक्रम.
चार पानं, शेवटच्या पानाचा कोपरा काळा आलेला.
पवननगर येईपर्यंत रिक्षात वाकून बघितलं
त्या काळ्यात काय बुडालंय:
'संगणकविषयक मूलभूत', पुढे काही नाही.

पद लिपिक-टंकलेखक.
शंभर प्रश्न, दोनशे गुण, नव्वद मिनिटं.
मी अंबडला बेअरिंग पॅक करते,
असले हिशेब मला लगेच लागतात.
प्रश्नाला चोपन्न सेकंद.
आमच्या लाइनवर खोक्याला पस्तीस.
म्हणजे प्रश्न खोक्यापेक्षा सैल आहे,
असं मी डब्याच्या सुट्टीत पुष्पलताला म्हटलं.
ती म्हणाली, एक खोकं चुकलं
तर आधीच्या चांगल्यातलं पाव काढून घेतात का गं?

चुकीला पाव गुण वजा.
कोऱ्या सोडलेल्याला काही नाही.
ही ओळ मी दोनदा वाचली.
तीस वर्षांत किती तरी जागा मी कोऱ्या सोडल्यात.
कापलं कुणी नाही, हे खरं.

बौद्धिक चाचणी, नळ आणि टाकी:
एक नळ टाकी सहा तासांत भरतो,
दुसरा आठ तासांत रिकामी करतो.
आमच्याकडे पाणी पावणेसहाला येतं, पाऊण तास.
टाकी कधी भरेल हे राहू दे,
तो दुसरा नळ उघडा कुणी ठेवला
याची चौकशी आई आधी करेल.
चोपन्न सेकंद तिथेच संपतात.

नातेसंबंध:
साडू, विहीण, भाचेजावई.
या सगळ्यांना पंक्तीत जेवायला वाढलंय मी,
पण आकृती काढून
कुणाशी बोलले नव्हते.

अण्णा म्हणाले, मोठ्याने वाच.
तहसील कचेरीत एकतीस वर्षं शिपाई.
डोळे मिटून ऐकत राहिले,
साहेबांचा निरोप ऐकावा तसे.
मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान,
चालू घडामोडी.
मग म्हणाले, आवक-जावक नाही यात?
नाही.
टाचणी कुठल्या कोपऱ्यात मारायची?
अण्णा, नाही.
आमच्या दाभाडेबाई होत्या,
सिन्नरकडचा कुणी म्हातारा तिसऱ्यांदा आला
की त्याचा कागद गठ्ठ्यात वर सरकवायच्या,
मान वर न करता.
ते कुठल्या विषयात येतं?
मी पान उलटून बघितलं.
झेरॉक्स एकाच बाजूने होती.

रात्री व्याकरण.
प्रयोग तीन: कर्तरी, कर्मणी, भावे.
पहिले दोन मला कंपनीत भेटलेत,
तिसरा अडतो.
अभ्यासिकेतल्या खैरनार सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
कर्त्याला 'ने', कर्माला 'ला',
मग क्रियापद कुणाचंच ऐकत नाही,
एकटं उभं राहतं, नपुंसकलिंगी, एकवचनी.
उदाहरण तुमचं तुम्ही द्या.
वहीत मी लिहिलं:
अण्णांनी मला शिकवले.
बाकीच्यांचं 'रामाने', 'सीतेने' होतं.
सरांनी बरोबरची खूण केली आणि पुढच्या वहीकडे गेले.

आता राहिलं टंकलेखन.
मिनिटाला तीस शब्द, म्हणजे शब्दाला दोन सेकंद.
तेच वाक्य मी सरावाला घेते.
तीन शब्द, सहा सेकंद हवेत,
मला अकरा लागतात.
दिवसभर टेप ओढून बोटं गुळगुळीत झालीत,
परीक्षेला अंगठा घेतात म्हणे मशीनवर,
तो उमटेल का, ते वेगळंच.
पण अडते मी पहिल्याच शब्दावर.
अण्णा लिहायला
तीनदा शिफ्ट दाबावी लागते.
अ ला एकदा,
ण ला एकदा,
आणि खालच्या ण ला
पुन्हा.